चोवीस आऱ्यांचं गेट

आधीच सांगून ठेवते, माझं अक्षर वाईट आहे. चौथीनंतर पेन हातात आलं ते सही करण्यापुरतं. ऱ्हस्व-दीर्घ मला तेव्हाही कळलं नाही आणि आता या वयात कळेल असं वाटत नाही. ओळी उतरत जातात, काने-मात्रे सुटतात, त्याबद्दल माफी असावी. हे कुणाला दाखवायला लिहीत नाही. पण कधी कुणाच्या हाती लागलंच, तर वाचून ठेवून द्यावं आणि मला समोर बसवून काही विचारू नये. तोंडाने सांगायला जमलं असतं तर लिहायला कशाला बसले असते.

झालं असं की आमच्या वाकोल्याच्या घरासमोर एका सोसायटीचं मोठं गेट बनतंय. गेटवर वेलबुट्टी आहे, मोर आहेत. दोन पोरं सकाळपासून मशीन लावून बसतात आणि एका टोकाला धरलं की सरळ दुसऱ्या टोकापर्यंत वेल्डिंग करत जातात. त्या चर्रर्र आवाजाने माझा जीव जागेवर राहत नाही. काल चार वेळा खिडकीत गेले. अरे थांबा, एका बाजूने एवढं घेऊ नका, निवू द्या, उलट्या बाजूने घ्या, असं अगदी ओठांवर आलं होतं. बोलले नाही. आत आले तर चहा आटून तळाला लागला होता.

मी लहान असताना आम्ही मुलुंडला राहायचो, डोंगराकडच्या वस्तीत. घर आणि बाबांची शेड यांच्यात एक पत्र्याची भिंत. बाबा ग्रिलं, जिने, दुकानांची शटरं, जे मिळेल ते करायचे. मशीन सुरू झालं की घूं असा आवाज यायचा, घरातली ताटं मांडणीत थरथरायची आणि आजूबाजूच्या चार घरांतले दिवे मंद व्हायचे. मग कोणीतरी ओरडायचं, "ओ वेल्डर, टीव्ही बघतोय ना यार आम्ही!" बाबा लगेच मशीन बंद करायचे. त्यांना "पाच मिनिटं थांब रे" एवढं म्हणता यायचं नाही. सिनेमातलं गाणं संपेपर्यंत होल्डर हातात धरून तसेच बसायचे. मी त्यांच्यावर गेले असं सगळे म्हणायचे. आमच्या दोघांच्या वाटचं आई बोलायची.

चौथीनंतर शाळा सुटली ती कुणी सोडवली असं नाही. शाळेत उभं राहून उत्तर द्यावं लागायचं आणि शेडमध्ये द्यावं लागायचं नाही, म्हणून मी शेडमध्ये जास्त रमले. वेल्डिंग झालं की त्यावर काळी खपली धरते, ती छोट्या हातोडीने टण टण उडवायची, हे माझं काम. सळ्या मोजून कापायच्या ठिकाणी खडूने खूण करायची, तेही माझंच. दुपारी आई भाकरी आणि सुकटीची चटणी आणून ठेवायची, वर कांदा फोडलेला. जेवण झालं की बाबा गुळाचा खडा तोंडात टाकायचे. धुराने घसा धरतो, त्यावर सगळेच वेल्डर गूळ खातात. त्यातला अर्धा मला मिळायचा. ज्या दिवशी नुसत्या डोळ्यांनी वेल्डिंगचा उजेड बघितला जायचा, त्या दिवशी डोळ्यांत वाळू गेल्यासारखं व्हायचं आणि आई आम्हा दोघांच्या डोळ्यांवर कच्च्या बटाट्याच्या चकत्या ठेवून बडबडत बसायची, "एक आंधळा, एक मुकी. माझंच नशीब."

बाबा माझ्याशी मात्र बोलायचे, तेही लोखंडाबद्दलच. काम संपून मशीन बंद झालं की लोखंड टिक, टिक वाजतं. ते मला ऐकायला लावायचे. "ऐक. ते आखडतंय बघ. तापताना पसरतं, निवताना ओढून घेतं. तापताना सगळे बघत्यात. वाकडं होतं ते निवताना, तवा कोण बघत न्हाय." म्हणून मोठं काम कधीच एका कडेने शिवत जायचं नाही. आधी सगळीकडे छोटे टाके मारून घ्यायचे, आईने रजई शिवायच्या आधी धावदोरा घालावा तसे. मग बोटभर इथे, बोटभर अगदी समोरच्या बाजूला. सगळं जाड गर्डरला क्लॅम्पने आवळलेलं पाहिजे आणि घाई करायची नाही. हे मला कुणी शिकवलं असं आठवत नाही, भाकरी थापायला शिकावं तसं ते येत गेलं.

तर आमच्या वस्तीत बुद्धविहार बांधून झाला आणि त्याचं गेट बाबांकडे आलं. एवढं मोठं काम आधी कधी आलं नव्हतं. दोन पल्ले, आणि गेट बंद केलं की दोन्ही पल्ल्यांवरची अर्धी अर्धी चाकं जुळून मधोमध पूर्ण धम्मचक्र दिसलं पाहिजे. चोवीस आरे, प्रत्येक पल्ल्यावर बारा. बुद्ध पौर्णिमेला उद्घाटन ठरलं. विहार कमिटीचे अण्णा म्हणजे वस्तीतले सगळ्यांत वजनदार गृहस्थ. पांढरा सदरा, खिशाला दोन पेनं. त्यांनी ठरवलं की चोवीस आरे चोवीस घरांनी द्यायचे, आणि ज्या घराचा आरा त्या घरच्या माणसांनी आरा जोडताना त्याला हात लावून उभं राहायचं. क्रम लावला तो वस्तीत आधी कोण आलं त्याप्रमाणे. पहिली हिरामावशी, कारण डोंगराची झाडी तोडून पहिली झोपडी तिने घातली. दुसरे अण्णा स्वतः. असं करत चोविसावं घर गेल्याच वर्षी परभणीकडून आलेलं.

हिरामावशी आमची शेजारीण, मुलुंडच्या बाजारात भाजी विकायची. मला बोलतं करायचा तिने जणू पणच केला होता. मी काही म्हटलं की कानाला हात लावायची, "काय गं सुमे? ऐकू न्हाय आलं." तिचा कान एवढा तिखट की चार टोपल्या पलीकडे गिऱ्हाईक कोथिंबिरीला नावं ठेवत असलं तरी तिला कळायचं. पण मी दुसऱ्यांदा मोठ्याने बोलल्याशिवाय ती मला साधी मिरचीसुद्धा द्यायची नाही.

क्रमाची गोष्ट ऐकली आणि त्या दिवसापासून बाबांचं जेवण अर्ध्यावर आलं. पहिले बारा आरे एकाच पल्ल्यावर, वरून खाली, एकामागून एक पूर्ण जोडायचे म्हणजे काय होणार ते त्यांना माहीत होतं. मलाही माहीत होतं. आई म्हणाली, "मग सांगा की अण्णांना."

"कसं सांगू? मानाचा क्रम हाय."

"मानाचं गेट वाकडं झालं तर?"

"हळूहळू करतो. होईल नीट."

हळूहळू करता आलंच नाही. त्या दिवशी शेडपुढच्या मोकळ्या जागेत विटांवर दोन्ही पल्ले आडवे ठेवलेले, आणि सगळी वस्ती नवे कपडे घालून आलेली. प्रत्येक आऱ्यावर मी खडूने घराचं नाव लिहिलं होतं. अण्णा नाव पुकारायचे, घरची माणसं पुढे व्हायची, डोळे मिटून हात लावायची, बाबा दोन्ही टोकं पक्की जोडायचे, टाळ्या. मग लगेच पुढचं नाव. बाबा मान वर करून बघायचे की जरा थांबू या, तोवर पुढचं घर पोरंबाळं घेऊन उभं असायचं. क्लॅम्प लावायला गेले तर कुणी म्हणालं, "अहो ते काढा, फोटोत येतंय." त्यांनी काढला. मी खपली उडवत होते. सातव्या-आठव्या आऱ्याला बघितलं तर पल्ल्याचा कोपरा विटेवरून उचलला होता, चटईचा कोपरा उचलतो तसा. मी बाबांकडे बघितलं. त्यांनी माझ्याकडे बघितलं आणि मास्क खाली ओढला.

लोक जेवायला गेले. आम्ही दोघं टिक टिक ऐकत बसलो. एवढी टिकटिक मी तोवर ऐकली नव्हती.

दुसऱ्या दिवशी विहाराच्या खांबांना पल्ले लावून बघितले. वर एकमेकांना घासत होते आणि खाली वीतभर फाकलेले. चक्राचा एक अर्धा भाग पुढे आलेला, दुसरा मागे. मग गर्दीतून एक आवाज आला, "लोखंडच हलकं आणलंय वाटतं." कुणाचा ते कळलं नाही. बाबांचा चेहरा मी बघितला. त्यांनी जाडीत सुताचीही काटछाट केली नव्हती, स्वतःची मजुरीसुद्धा लावली नव्हती. अण्णा म्हणाले, "बघा काय होतं ते. पौर्णिमा जवळ आलीय." आणि गेले.

ते पुढचे दिवस मी कधी विसरणार नाही. घरात कोणी एका जागी बसत नव्हतं. बाबा गेटभोवती फिरायचे. घणाने ठोकून बघितलं, तर आऱ्यांचे जोड तडकले. मग बाहेर जाऊन उभे राहायचे, परत यायचे. आई भांडी उगाच दोनदा घासायची. मी पाणी भरायला निघायचे आणि रिकामी कळशी घेऊन परत यायचे. नळावर बायका बोलायच्या थांबायच्या. तिथे कुणी "वेल्डर" म्हटलं नाही तरी मला तेच ऐकू यायचं. आज नात मला म्हणते, आजी, तू एवढे पाय का हलवतेस बसल्या बसल्या. ती सवय तेव्हाची.

नवं लोखंड घ्यायला पैसे नव्हते. भंगारवाला जुन्याचे देत होता त्यात नुसत्या सळ्याही येत नव्हत्या. एका सकाळी हिरामावशी टोपली खाली ठेवून सरळ शेडमध्ये आली. कमरेची पिशवी काढली आणि आईच्या हातात दिली. ते तिच्या छपराचे पैसे होते. पावसाआधी नवे पत्रे घालणार होती.

आई म्हणाली, "मावशी, नको. पावसाळा आला."

"ताडपत्री हाय मला. पन माझा आरा पहिला. हे ठरलेलं हाय, ते मोडायचं न्हाय."

बाबांनी हातातली हातोडी खाली ठेवली. मग त्यांनी जे सांगितलं ते आयुष्यात पहिल्यांदा एका दमात सांगितलं. पहिला तुझा राहील मावशी, पण दुसरा अण्णांचा राहणार नाही. एक आरा या पल्ल्यावर, लगेच दुसरा समोरच्या पल्ल्यावर. तुझ्यानंतर थेट तेरावं घर, मग सातवं, मग एकोणिसावं. एकदम पक्कं नाही, पुढून थोडं, मग सगळं उलटून मागून थोडं. मध्ये थांबायचं. जमत असेल तर करतो, नाहीतर मला गेट नको.

मावशी म्हणाली, "मला काय सांगतोस? अण्णाला जाऊन सांग."

बाबा उठले, सदरा घातला, दारापर्यंत गेले. बाहेर जाऊन उभे राहिले. पायरीवर बसले. अर्धी विडी ओढली, विझवली. त्यांच्या पाठीकडे मी बघत राहिले. ते जाणार नाहीत हे मला कळलं, आणि न जाण्याबद्दल पुढे जन्मभर मनात काय काय बोलत बसतील तेही कळलं. मी चपला घातल्या. आईने विचारलं, कुठे? मी सांगितलं नाही, सांगत बसले असते तर गेलेच नसते.

अण्णा ओट्यावर पेपर वाचत होते. मी समोर जाऊन उभी राहिले. ते म्हणाले, "काय गं?" मी चपलेने माती उकरत राहिले. त्यांनी परत पेपरात डोकं घातलं. मी तिथेच. थोड्या वेळाने चष्म्यावरून बघून म्हणाले, "आईने काही मागितलंय का?"

"अण्णा, तुमचा नंबर दुसरा नाही."

"काय?"

"दुसरा नाही. खूप मागे आहे."

आतून त्यांची बायको हसली. अण्णा म्हणाले, "कुणी ठरवलं?"

"लोखंडाने." त्यांच्याच ओट्यावर पापड वाळत होते. एक उचलला आणि दाखवला, वरून ऊन लागलेला, कडा वर आलेल्या. "एकाच बाजूने तापवलं की असं होतं. मागच्या वेळी पण बाबांना माहीत होतं. तुम्हाला नाही म्हणवलं नाही त्यांना."

अण्णांनी पापड हातात घेऊन उलटा केला. त्यांना राग आला की वाईट वाटलं, कळलं नाही. "आणि लोकांना मी काय सांगू? आधी आलेल्यांचा मान मागे, आणि काल आलेले पुढे?"

यावर उत्तर मी वाटेतच शोधून ठेवलं होतं. "प्रत्येकाला दोनदा बोलावणार. पुढून एकदा, मागून एकदा."

"दोनदा?"

"हो. दोनदा मान."

त्यांनी पेपराची घडी घातली. "वेल्डरची मुकी पोरगी ना तू?" म्हणाले. "मग आता नावं तूच पुकार. तुझा तो वेडावाकडा क्रम माझ्या लक्षात राहायचा नाही."

हे मला नको होतं. पण झालं तसंच. या वेळी बाबांनी भांडुपहून दोन जुने गर्डर भाड्याने आणले. दोन्ही पल्ले त्यावर क्लॅम्पने आवळले आणि मधोमध खालून लोखंडी पट्ट्या सारल्या, म्हणजे पल्ले आधीच जरा उलट्या बाजूला वाकलेले. बघणाऱ्याला वाटावं की हा माणूस मुद्दाम वाकडं करतोय. निवताना लोखंड ओढणार आहे तेवढं आधीच उलटं द्यायचं, म्हणजे ते ओढून ओढून सरळ होतं. सगळे टाके आदल्या दिवशीच, कुणी नसताना मारून घेतले. अण्णांनी क्लॅम्पकडे बघितलं, पण फोटोचं नाव काढलं नाही.

मी विटेवर उभी राहिले. पहिलं नाव पुकारलं तर ते माझं मलाच ऐकू आलं नाही. "काय? ऐकू न्हाय आलं," हिरामावशी म्हणाली, आणि सगळे हसले. मी परत म्हटलं, "हिरामावशी!" ती आली, हात लावला. बाबांनी बोटभर शिवलं आणि उठून सरळ पलीकडच्या पल्ल्याकडे गेले. मी तेराव्या घराचं नाव घेतलं. मग सातवं, मग एकोणिसावं. लोक इकडून तिकडे, तिकडून इकडे. पोरांना तो खेळच झाला. पण चार-चार आऱ्यांनंतर बाबा थांबायचे, हाताचा मागचा भाग लोखंडाजवळ नेऊन बघायचे आणि बसून राहायचे. ऊन चढलं. माणसं चुळबुळायला लागली. कुणाला कामावर जायचं होतं, कुणाचं पोर रडत होतं. अण्णांचं नाव अजून आलंच नव्हतं. ते सारखे उठत-बसत होते. शेवटी म्हणाले, "एवढा वेळ काय निवायला? पाणी मारा की," आणि कोपऱ्यातली बादली उचलून निघाले.

"पाणी नको!"

ते मी ओरडले होते. अख्ख्या वस्तीला ऐकू गेलं असेल. अण्णा बादली धरून जागच्या जागी उभे. बाबांनी मास्क वर केला. मला वाटलं आता जमिनीत जावं. पण तोंड उघडलेलंच होतं म्हणून पुढचंही निघालं, "एकदम थंड केलं तर फटकन ओढेल, जोड तडकतील. आपोआप निवू दे. ज्याला घाई आहे त्याने जाऊन यावं, नाव चुकणार नाही. आणि अण्णा, ती बादली खाली ठेवा."

अण्णांनी ठेवली. "वाट लागली," कोणीतरी मागून म्हणालं, "मुकी बोलली." आणि हशा झाला तो अण्णांवर की माझ्यावर, कुणास ठाऊक. आई मागे उभी राहून पदराने तोंड पुसत होती. मग तिने सगळ्यांना चहा केला, आणि लोक थांबायला तयार झाले ते त्या चहामुळे, माझ्या ओरडण्यामुळे नाही, असं ती पुढे कायम म्हणायची.

दुसऱ्या दिवशी पल्ले उलटून मागची बाजू केली, परत सगळी नावं. मग एक पूर्ण दिवस क्लॅम्प तसेच. बाबांनी कुणाला हात लावू दिला नाही, आणि स्वतःही लावला नाही. शेडच्या दारात बसले, उठले, बसले. मीही तशीच. क्लॅम्प सोडले तेव्हा आमच्या दोघांचं लक्ष कोपऱ्यांकडे होतं. कोपरे उचलले नाहीत.

गेट लागलं. बाबांनी ओळंबा सोडला, पल्ले लोटले. चक्र जुळलं. खाली नखाएवढी फट होती. ती फक्त आम्हालाच दिसायची आणि बाबांना ती शेवटपर्यंत खुपायची. मागे कधी त्या बाजूला गेले होते तर बघून आले. फट आहे तशीच आहे, गेटही आहे. रंगाचे थर एवढे चढलेत की जोड दिसत नाहीत. अण्णांनी त्या दिवशी सगळ्यांसमोर सांगितलं, "लोखंड हलकं नव्हतं, घाई आपली होती." एवढंच म्हणाले. बाबांना तेवढं पुरलं.

पण बाबांना स्वस्थता नव्हती. कमिटी नव्या लोखंडाचे पैसे द्यायला तयार होती, त्यांनी घेतले नाहीत. मान हलवून नाही म्हणाले, ते त्यांना जमलं. ते पावसाळाभर सर आली की उठून दारात जायचे आणि हिरामावशीच्या ताडपत्रीकडे बघायचे. आई म्हणायची, तुम्ही बघून पाणी थांबणार आहे का? एकदा रात्रीच्या वाऱ्याने ताडपत्री उडाली, तर मावशी आणि तिची टोपली चार दिवस आमच्याकडे होती, आणि ती अगदी मजेत होती. बाबांना जेवण जात नव्हतं. एकेक ग्रिल झालं की त्यातले थोडे पैसे बाजूला. ते द्यायला दर वेळी मी जायचे. मावशी पिशवीत टाकायची आणि विचारायची, "किती ऱ्हायले?" मी सांगितलं की कान पुढे. मग मी मोठ्याने. बाजारातल्या सगळ्या भाजीवाल्यांना आमचा हिशेब पाठ झाला होता.

पुढचा उन्हाळा आला. आंबे स्वस्त व्हायला लागले होते. त्या सकाळी बाबांनी नोटा मोजल्या, परत मोजल्या, माझ्या हातात दिल्या आणि पहिल्यांदाच माझ्याबरोबर निघाले. बाजारात मावशीच्या टोपल्यांपासून जरा लांब, एका खांबाला टेकून उभे राहिले. मी पैसे दिले. तिने मोजले नाहीत. पिशवीचं तोंड आवळलं.

"किती ऱ्हायले, सुमे?"

"काही नाही."

तिने कानाला हात लावला. "काय? ऐकू न्हाय आलं."

मी खांबाकडे बघितलं. बाबा मान खाली घालून उभे होते, पण ऐकत होते.

"काही राहिलं नाही मावशी!" मी म्हटलं. "सगळे फिटले!"

पलीकडची लिंबूवाली म्हणाली, "फिटले एकदाचे." मावशीने मला मूठभर मिरच्या दिल्या, आणि बाबा घरापर्यंत माझ्यापुढे चालत गेले, कुठेही न थांबता.